भगंदर : आधी नळीचा नकाशा, मग 'लेझर की क्षारसूत्र'

शल्यचौकट
मूळव्याधीच्या धाग्यावर गाडी भगंदराकडे वळली आणि थेट 'लेझर बरं की क्षारसूत्र (नळीत ओवायचा औषधी लेपाचा दोरा)' इथे येऊन अडकली. प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहे, म्हणून हा वेगळा धागा.

आधी रचना. गुदमार्ग साधारण चार सेंटीमीटर लांब असतो. त्याच्या मध्यावर एक दातेरी रेषा असते आणि तिच्यालगतच्या खळग्यांत बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. ग्रंथी साधारण सहा ते दहा. त्यातल्या काही आतला आणि बाहेरचा स्नायू यांच्या मधल्या फटीपर्यंत गेलेल्या असतात. ग्रंथीचं तोंड बुजलं की जंतू कोंडले जातात, पू होतो आणि वाट मिळेल तिकडे सरकतो. फटीतून सरळ खाली उतरला तर शौचाच्या जागेला लागूनच गळू येतं. बाहेरचा स्नायू भेदून गेला तर कुल्ल्याच्या चरबीत मोठं गळू होतं. ते फुटतं किंवा कापलं जातं, पण आतलं तोंड उघडं राहिलं तर मधे नळी तयार होते. तोच भगंदर.

त्यामुळे बाहेरचं भोक हा फक्त निचरा. मलम, पावडर, 'जखम सुकवायच्या' गोळ्या यांनी बाहेरचं भोक काही दिवस मिटतं, आत पू साठतो, ठणका लागतो, पुन्हा फुटतं. रुग्ण सांगतो, "फोड येतो, फुटला की आराम पडतो, महिन्या-दोन महिन्यांनी परत भरतो." एवढ्या वाक्यावर निम्मं निदान झालं. मूळव्याधीत दुखल्याशिवाय लाल रक्त जातं, फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेत, शौचाच्या वेळी चिरल्यासारखं दुखतं, भगंदरात पू येतो आणि दुखणं फुटण्याआधी असतं.

दुसरी बाजू स्नायूंची. आतला स्नायू आपोआप आवळलेला राहतो. आपण निवांत असताना गळती होऊ न देण्यात मोठा वाटा त्याचा. बाहेरचा आपण मुद्दाम आवळतो. नळी या दोघांच्या किती जाडीतून जाते त्यावर उपचार ठरतो. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले अ‍ॅलन पार्क्स यांनी १९७६ साली केलेले चार प्रकार आजही वापरतात: दोन स्नायूंच्या मधून उतरणारी, बाहेरचा स्नायू भेदणारी, स्नायूंच्या वरून वळसा घेणारी, आणि गुदमार्गाचा संबंधच नसलेली, वर गुदाशयातून आलेली. पहिले दोन नेहमीचे. चौथा दिसला की पोटातलं दुसरं कारण शोधायचं.

तालुका_दवाखाना
छान सुरुवात. माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे येतो तो गळूचा रुग्ण. घरचे म्हणतात, "पाच दिवस अँटिबायोटिक देऊन बघा, जिरलं तर जिरलं." गळू पिकेपर्यंत थांबावं का?

शल्यचौकट
थांबू नये. गुदद्वाराजवळचं गळू वरून मऊ लागेपर्यंत आत बरंच पसरलेलं असतं, कारण इथली कातडी जाड आणि चरबीत जागा भरपूर. ठणका, बसता न येणं, ताप आणि एका बाजूला कडक सूज एवढं पुरे. पू साठलेल्या जागी औषध पुरेसं पोचत नाही. उपाय म्हणजे भूल देऊन कापणं आणि निचरा. अँटिबायोटिक सोबतीला कधी? मधुमेह, आजूबाजूला पसरलेली लाली, कमी प्रतिकारशक्ती, हृदयाची कृत्रिम झडप.

कापताना एक काळजी: छेद गुदद्वाराच्या शक्य तितक्या जवळ घ्यायचा. पुढे नळी राहिलीच तर ती आखूड राहते. लांब बाहेर छेद घेतला की आयती दहा सेंटीमीटरची नळी तयार. आणि गळू कापताना सळई (नळीची वाट शोधायची बोथट काडी) आत ढोसून तोंड शोधायचं नाही. सुजलेल्या मांसात सळई कुठेही शिरते आणि खोटी वाट तयार होते.

गळूचा निचरा झालेल्यांपैकी साधारण तिघांत एक ते दोघांत एक जणाला पुढे भगंदर होतो. हे घरच्यांना त्याच दिवशी सांगावं, म्हणजे 'डॉक्टरने कापलं म्हणून भगंदर झाला' हा आरोप टळतो.

मधुमेही माणसाला गळूबरोबर कातडी काळी-जांभळी पडणं, दाबल्यावर करकर लागणं, वृषणापर्यंत सूज, गुंगी यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात. तिथे मांस सडत जाणारा संसर्ग असतो, रात्र काढायची नाही.

रेडिओलहरी
नकाशाची बाजू मी घेतो. फार साधा, वरवरचा भगंदर सोडला तर एमआरआय करून घ्यावा. पुन्हा उलटलेला असेल तर नक्कीच. जुना फिस्टुलोग्राम, म्हणजे भोकातून औषध सोडून एक्स-रे, यात स्नायूच दिसत नाहीत. मग नळी दिसून उपयोग काय?

सेंटरला सांगायचं: 'फिस्टुला प्रोटोकॉल'. नुसता 'पेल्विस एमआरआय' लिहिलं तर काप शरीराच्या अक्षाला काटकोनात घेतले जातात. गुदमार्ग मात्र तिरका असतो. काप त्याच्या अक्षाला काटकोनात हवेत, नाहीतर आतल्या तोंडाची उंची चुकते. पू आणि ओली नळी चरबी दाबलेल्या टी-२ प्रतिमांत पांढरी उठून दिसते.

रिपोर्टमध्ये हे नसेल तर परत मागा: पार्क्सचा प्रकार, आतलं तोंड घड्याळाच्या कितीवर आणि किती उंचीवर, बाहेरच्या स्नायूचा किती भाग नळीखाली येतो, फाटे आहेत का, नळी घोड्याच्या नालेसारखी दोन्ही बाजूंना वळली आहे का, वरच्या स्नायूपडद्यापलीकडे गेली आहे का, न फुटलेलं गळू आहे का.

घड्याळाबद्दल: रुग्ण उताणा, पाय वर, आपण समोर उभे. १२ म्हणजे जननेंद्रियांची बाजू, ६ म्हणजे माकडहाड, ३ म्हणजे रुग्णाची डावी. काही सर्जन रुग्णाला पालथं घालून शस्त्रक्रिया करतात, तेव्हा सगळं उलटं दिसतं आणि गोंधळ तिथे होतो. मी आकड्याबरोबर 'मागे, मध्यरेषेत' असं शब्दांतही लिहितो.

लीड्सच्या सेंट जेम्स रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी १ ते ५ ग्रेड रिपोर्टात असते. ग्रेड ३ वाचून घाबरू नका. ग्रेड ३ म्हणजे बाहेरचा स्नायू भेदला आहे इतकंच. तळाशी भेदला की वरती, हे ग्रेड सांगत नाही. आणि सर्जनला नेमकं तेच हवं असतं.

तालुका_दवाखाना
गुडसॉलचा नियम अजून धरायचा का? पुढचं भोक असेल तर नळी सरळ, मागचं असेल तर वळून मागच्या मध्यरेषेत.

शल्यचौकट
मागच्या भोकांना बऱ्यापैकी लागू पडतो. पुढचं भोक तीन सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर तेही वळून मागे जाऊ शकतं, हा अपवाद लक्षात ठेवा. बाकी अंदाज म्हणून ठीक, त्या भरवशावर सुरी लावू नये. टेबलावर भूल दिल्यावर बाहेरच्या भोकातून पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा निळं औषध सोडलं की आत जिथून बुडबुडे किंवा रंग येतो ते तोंड. सळई आपल्या वजनाने जावी. जोर लावावा लागला तर वाट चुकली. ओपीडीत भूल न देता सळई घालणाऱ्याकडून रुग्णाने उठून यावं.

आता शस्त्रक्रिया. नळी खालच्या पातळीवर असेल, बाहेरच्या स्नायूचा तळचा तिसरा भाग किंवा त्याहून कमी येत असेल, तर नळी उघडून तिचा तळ मोकळा करणं, म्हणजे फिस्टुलॉटॉमी, यासारखं काही नाही. दहातले नऊहून जास्त बरे होतात. उघडलेल्या कडा तळाशी शिवून घेतल्या तर जखम लहान होते आणि लवकर भरते. अख्खी नळी कोरून काढण्याची हौस बऱ्याच ठिकाणी आहे. तिने खड्डा मोठा होतो, भरायला वेळ लागतो, आणि भगंदर उलटण्याचं प्रमाण काही घटत नाही. तपासणीला पाठवायला नळीचा तुकडा घेतला की पुरे.

उघडू नये कधी? नळी वरती असेल तर, बाईची नळी पुढच्या बाजूला असेल तर, आधीच पातळ शौच किंवा गॅस धरून ठेवता येत नसेल तर, क्रोन (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) असेल तर. बायकांचा स्नायू पुढे मुळातच आखूड, त्यात बाळंतपणात ताणलेला. तिथे 'थोडंसंच कापतो' म्हणणाऱ्याला दुसऱ्या मताशिवाय होकार देऊ नये.

उंच नळीसाठी 'लिफ्ट' नावाची शस्त्रक्रिया. थायलंडच्या अरुण रोजनसकुल यांनी २००७ साली ती मांडली. आत पू असेल तर आधी सैल सीटन, म्हणजे सिलिकॉनची बारीक दोरी नळीतून ओवून सहा ते बारा आठवडे ठेवायची. पू निथळतो, नळी घट्ट दोरीसारखी हाताला लागते. मग दोन स्नायूंच्या मधल्या खाचेवर दीड-दोन सेंटीमीटरचा वक्र छेद, फटीत शिरून नळी काटकोनी चिमट्यावर उचलायची, आतल्या स्नायूला चिकटून विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधायची, बाहेरच्या बाजूला दुसरी गाठ, मधे कापायची. बाहेरच्या भोकातून सलाईन सोडून आत काही येत नाही याची खात्री करायची. उरलेली बाहेरची नळी खरवडून भोक रुंद करायचं, फटीवरचे टाके सैल. स्नायू कापलाच जात नाही.

यश साधारण साठ ते पंचाहत्तर टक्के. फसतं ते बहुधा पू निथळायच्या आधी घाई केल्याने, नळीऐवजी शेजारचं मांस बांधल्याने किंवा फाटा सुटल्याने. फसली तरी बऱ्याचदा उंच नळीची आखूड, दोन स्नायूंमधली नळी होते, आणि ती पुढे सोप्या पद्धतीने उघडता येते. हा तिचा मोठा गुण मला वाटतो.

निवडुंग
क्षारसूत्राबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून सविस्तर.

सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगितले: शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त, उन्मार्गी. शेवटचा अन्नातलं हाड गिळल्याने होणारा. मासे खाणाऱ्या भागात आजही हे लक्षात ठेवावं. गिळलेला काटा गुदमार्गात रुतून गळू होतं. क्षारसूत्राचा आजचा विधी बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी पुन्हा बसवला.

दोरा: २० नंबरचा सर्जिकल लिनन. त्यावर एकवीस लेप. पहिले अकरा निवडुंगाच्या ताज्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप पूर्ण वाळल्यावरच पुढचा, म्हणजे रोज एक धरला तर तीन आठवडे. उबदार कपाटात, जंतुनाशक अतिनील दिव्याखाली वाळवतात आणि बंद नळीत ठेवतात. दमट हवेत उघडा राहिलेला दोरा ओलावा धरतो, क्षार गळून जातो, मग तो नुसता साधा धागा. पावसाळ्यात असले दोरे वापरून 'गुण आला नाही' म्हणणारे भेटतात.

पहिला दोरा भूल देऊन, नळीतून ओवून, दोन टोकं बाहेर बांधून. पुढे दर आठवड्याला बदल: पायजम्याची नाडी बदलताना जुनीला नवी बांधून ओढतात तसं. गाठीच्या बाहेरच्या बाजूला जुना दोरा कापायचा, नाहीतर गाठ नळीतून ओढली जाते आणि रुग्ण किंचाळतो. काढलेल्या दोऱ्याची लांबी दर वेळी मोजून लिहायची. आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर कमी व्हावी. सलग दोन-तीन आठवडे कमीच होत नसेल तर दोरा निकृष्ट, बांधणी सैल, किंवा आत फाटा आहे. पहिले एक-दोन दिवस जळजळ होते, नंतर माणूस कामावर जाऊ शकतो.

शल्यचौकट
वैद्यबुवा, माहिती उत्तम. पण 'क्षारसूत्राने स्नायूला अजिबात धक्का लागत नाही' हे जाहिरातीतलं वाक्य तुम्हीच खोडलेलं बरं.

निवडुंग
खोडतो. दोरा स्नायू कापतोच. हळू कापतो, आणि मागोमाग तंतू धरत येतात म्हणून टोकं लांब सरकत नाहीत. उंच नळीत धोका शून्य नाही. म्हणूनच बनारसला पुढे पद्धत बदलली: स्नायूच्या बाहेर एक खिडकी करून नळी तिथेच तोडायची आणि दोरा फक्त खिडकी ते आतलं तोंड एवढ्या आखूड भागात घालायचा. बाहेरची लांब नळी आपोआप सुकते. दहा सेंटीमीटरच्या नळीत अख्खा दोरा घालून रुग्णाला पाच महिने खेटे मारायला लावणं आता योग्य नाही.

आकडे हवेत तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची १९९१ ची बहुकेंद्री चाचणी आहे. क्षारसूत्र २६५ रुग्ण, शस्त्रक्रिया २३७. भरायला क्षारसूत्राला जवळपास दुप्पट वेळ, आठ आठवडे विरुद्ध चार. वर्षभरात उलटणं ४ टक्के विरुद्ध ११ टक्के. ज्याला दर आठवड्याला येणं जमतं त्याला उत्तम. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्याचे दोनदा बदल चुकले की सगळं लांबतं.

रेडिओलहरी
+१. आणि दोरा असताना एमआरआय काढायचा असेल तर तसं सेंटरला सांगा, नाहीतर रिपोर्टात भलतंच येतं.

शल्यचौकट
लेझरबद्दल थोडक्यात, कारण प्रश्न तोच होता. १४७० नॅनोमीटरचा, टोकाशी सगळीकडे प्रकाश फेकणारा तंतू नळीत घालून साधारण १० ते १३ वॅटवर सावकाश मागे ओढतात. नळीची भिंत भाजून आक्रसते. स्नायू वाचतो, दुखणं कमी, घरी लवकर. पण नळी रुंद असेल, फाटा असेल, मधे पोकळी असेल तर भिंती एकमेकींना चिकटतच नाहीत. सरळ, बारीक, आधी सीटन घालून निथळलेली नळी हा त्याचा खरा रुग्ण. यश वेगवेगळ्या ठिकाणी फार वेगवेगळं येतं. 'शंभर टक्के, कायमचा इलाज' लिहिणाऱ्याला विचारा: आतलं तोंड कसं बंद करणार? उत्तर नसेल तर परत या.

दुर्बिणीने नळी आतून पाहून जाळणं ही इटलीतल्या मेनेरो यांची पद्धत; फाटे शोधायला चांगली. नळी बुजवायचे प्लग आणि गोंद महाग, आणि निम्म्याच्या आसपास फसतात. पंचकुल्याचे पंकज गर्ग यांनी २०१७ साली मांडलेली ट्रॉपिस, म्हणजे दोन स्नायूंमधली जागा आतून उघडून ठेवणं, नालेसारख्या उंच नळीसाठी माझ्या मते विचारात घ्यावी.

ड्रेसिंगताई
सगळे शस्त्रक्रियेवर थांबतात. निम्मं उलटतं ते घरी.

आतली पट्टी दुसऱ्या दिवशी कोरडी ओढू नका. टबात बसून भिजू द्या, मग सुटते. टबात सोसेल इतकंच कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा आणि प्रत्येक शौचानंतर. त्यात डेटॉल, सॅव्हलॉन, तुरटी काही नको. कोवळं मांस भाजतं. उठल्यावर पुसायचं नाही, टिपायचं.

जखम तळापासून भरली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते आणि तीन महिन्यांनी 'भगंदर परत आला'. म्हणून ड्रेसिंग करणाऱ्याने पहिले काही आठवडे बोटाने किंवा गॉजने कडा मोकळ्या ठेवायच्या. आधी बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून दहा मिनिटं थांबा. गॉजची पातळ पट्टी नुसती अंथरायची. ठासून भरली तर तळ भरतच नाही. जखमेभोवतीचे केस दर दहा-पंधरा दिवसांनी कापा, आत वळलेला केस जखम पेटती ठेवतो. स्राव टिपायला सॅनिटरी पॅड सगळ्यात सोयीचं, पुरुषांनीही लाजू नये.

इसबगोल दोन चमचे, मोठ्या ग्लासभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर उलट घट्ट होतं. आणि जुलाबाची औषधं नकोत. पातळ शौच जखमेत शिरतं. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकाने बद्धकोष्ठ होतं, हे लिहून देणाऱ्याने सांगायला हवं.

लगेच परत यायचं कधी: कमरेत भूल दिल्यावर सहा-आठ तासांत लघवी न होणं, पॅड रक्ताने भरणं, थंडी वाजून ताप, कमी होत असलेलं दुखणं अचानक वाढणं.

तालुका_दवाखाना
ताई, हे छापून दवाखान्यात लावतो. एक राहिलं: टीबीचा संशय कधी घ्यायचा?

शल्यचौकट
दोनदा-तीनदा उलटलेला, बरीच भोकं असलेला, घट्ट पुवाऐवजी पाण्यासारखा स्राव, जांघेत गाठी, वजन घटणं, जुना खोकला. नळीचा तुकडा सूक्ष्मदर्शक तपासणीला तर पाठवाच, शिवाय दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये, जीन-एक्सपर्ट (टीबीची जलद तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्यावर कल्चर होत नाही, आणि ही चूक ऑपरेशन थिएटरमध्ये सर्रास होते. टीबी निघाला तर सरकारी कार्यक्रमातून औषधं मोफत, साधारण सहा महिने. नुसती शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करून तो बरा होत नाही.

तरुण रुग्ण, पोटात कळा, वारंवार जुलाब, तोंडात व्रण, गुदद्वाराभोवती सुजट लोंबणारी कातडी: क्रोनसाठी कोलोनोस्कोपी. तिथे सैल सीटन ठेवून इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि त्याआधी छातीचा एक्स-रे व टीबीची तपासणी, कारण त्या औषधाने दबलेला टीबी उफाळतो. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या नळीत क्वचित कर्करोगही होतो. चिकट जेलीसारखा स्राव आला तर तुकडा काढा.

पॉलिसी_खिडकी
पैशाचं: बऱ्याच आरोग्य पॉलिसींत मूळव्याध, फिशर, भगंदर यांना ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो, बहुधा दोन वर्षं. तो अपघाताखेरीज माफ होत नाही. 'गळू' म्हणून दाखल होऊन भगंदराचं बिल लावलं तर कागद मागतात. एमआरआय रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेची नोंद यांतला प्रकार जुळला पाहिजे. क्षारसूत्राचा पहिला दोरा रुग्णालयात दाखल होऊन घातला तर आयुष कलमाखाली विचार होतो, पण दर आठवड्याचे बदल ओपीडीत होतात आणि ते बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. पूर्वमंजुरीच्या वेळीच विचारा.

निवडुंग
स्टँडमागच्या गाळ्यात 'बिना ऑपरेशन शर्तिया इलाज' पाटी दिसते, तिथे न जाण्यासाठी एवढंच: नोंदणी क्रमांक मागा. अ‍ॅलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदाचा असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. क्षारसूत्रासाठी एम.एस. शल्यतंत्र झालेले वैद्य बघा. औषधाचं नाव न सांगता 'इंजेक्शनने नळी जाळतो' म्हणणाऱ्याकडे गेलेल्यांचा गुदमार्ग आक्रसून बसतो, आणि तो सैल करणं मूळ भगंदरापेक्षा अवघड.

तालुका_दवाखाना
शेवटची शंका. दोन महिने झाले, जखम वरून भरली, पण चड्डीला पिवळा डाग लागतो. परत एमआरआय?

रेडिओलहरी
पहिल्या तीन महिन्यांत काढला तर भरणारं मांस आणि उरलेली नळी दोन्ही पांढरी दिसतात. घाई नको, आधी सर्जनला दाखवा.

ड्रेसिंगताई
त्याआधी टबात बसवून डाग कुठून येतो ते बघा. बऱ्याचदा कातडीचा पूल झालेला असतो, जेली लावून बोटाने तिथेच मोकळा होतो. पण डागाबरोबर ठणका किंवा नवी गाठ असेल तर बोट लावू नका, सर्जनकडे पाठवा.